शाहूपुरीतला दाणेदार सरस आणि न्यूयॉर्कचा पीटर कूपर

निकाल आधी सांगतो. बाजाची पेटी, जुनी वेताची खुर्ची, देव्हारा, आजोबांच्या फोटोची चौकट असं काही दुरुस्त करायचं असेल, तर कोल्हापुरात शाहूपुरीच्या व्यापारी पेठेतल्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात जो दाणेदार सरस, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडाचा गोंद, सुटा मिळतो, तो घ्यावा. मी तो वापरतोय आणि समाधानी आहे. दुकानाचं नाव देत नाही, कारण शेठनीच ‘नाव नको’ म्हणून सांगितलंय. पेठेत कुणालाही विचारा, सरस कुठं मिळतो, लगेच बोट दाखवतील. माझी तक्रार एकच आहे. ती पुढं सांगतो, आणि ती सांगताना दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन माणसाबद्दल बरंच बोलणार आहे, कारण सरसाचा धंदा कसा करावा हे त्याच्याइतकं कुणी दाखवलेलं नाही.

मी पॅटर्नमेकर. उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांना लाकडाचे पॅटर्न करून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पंपाची बॉडी असो, फ्लायव्हील असो, की चरकाचा गाळा, आधी तो सागवानात किंवा शिवणीच्या लाकडात हुबेहूब करायचा, लोखंड गार होताना आकसतं तेवढं माप वाढवून धरायचं, मग तो वाळूत दाबून त्याच्या पोकळीत ओतकाम. पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यात चामड्याची फिलेट, म्हणजे कोपरा गोल करणारी पट्टी, बसवावी लागते, म्हणजे कास्टिंगला त्या जागी तडा जात नाही. ती फिलेट आमच्या उस्तादांनी कायम सरसानंच चिकटवली. आता पॅटर्न ॲल्युमिनियमचे आणि रेझिनचे झाले, यंत्रावर कोरून मिळतात. मी घरी पेट्या आणि जुनं फर्निचर दुरुस्त करतो.

ज्यांनी सरस पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. जनावरांची कातडी, हाडं, स्नायूंच्या शिरा चुन्याच्या पाण्यात मुरवून, धुऊन, मंद आचेवर उकळून जो चिकट अर्क निघतो तो आटवून वाळवला की सरस. पूर्वी त्याच्या वड्या मिळायच्या, हातोडीनं फोडाव्या लागायच्या. आता दाणे मिळतात. या दुकानातला दाणा मोहरीपेक्षा मोठा, साबुदाण्यापेक्षा बारीक, रंगानं मधाळ आणि उजेडात धरला तर आरपार. काळपट, गढूळ दाणा असेल तर माल जळका किंवा हाडाचा समजावा. पुड्याला नाक लावलं तर जुन्या चामड्याचा मंद वास येतो. कुजका वास आला तर घेऊ नका. या दुकानातल्या मालाला तसा वास मला कधी आला नाही.

रात्री एक भाग दाणा आणि दीड भाग गार पाणी एका काचेच्या बरणीत घालून ठेवतो. सकाळी दाणे फुगून सगळं पाणी पिऊन बसलेले असतात. बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, साठ अंशांच्या आसपास. थेट गॅसवर कधीच नाही. उकळी आली की सरस मेला, त्याची ताकद तिथंच जाते. नीट तापला की ब्रशवरून काकवीसारखा सलग ओघळतो, तुटत नाही, थेंबथेंब पडत नाही. थेंब पडले तर पाणी जास्त, ओघळ जाड आणि आळशी असेल तर पाणी कमी. या दुकानाचा माल दीड भाग पाण्यात बरोबर बसतो. पूर्वी दुसरीकडून आणलेल्या एका मालाला दोन भाग लागायचं, तरी गुठळ्या राहायच्या.

लावायला वेळ कमी मिळतो. लाकूड गार असेल तर सरस लावल्या लावल्या थिजतो, म्हणून सांधा आधी उन्हात किंवा गरम इस्त्रीच्या जवळ धरून कोमट करतो. दोन फळ्या एकमेकींवर दाबून पुढं-मागं घासायच्या, हवा आणि जादा सरस बाहेर पडतो, आणि हाताखाली ओढ जाणवायला लागते. तीन-चार वेळा घासलं की फळी अडते. तिथं हात काढायचा. क्लॅम्पसुद्धा लागत नाही. ही ओढ या मालाला जोरदार आहे.

फेव्हिकॉल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. स्वयंपाकघराच्या कपाटाला, दाराला, पाणी लागेल तिथं तोच हवा, आणि माझ्याकडेही त्याची बादली आहे. पण पेटीचं काम वेगळं. पेटीचा भाता दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा उघडावा लागणार हे ठरलेलं. घडीवरचं चामडं झिजतं, कापड विरतं, हवा गळायला लागते. सरसानं चिकटवलेला भाता गरम पाण्याचं फडकं आणि पातळ सुरी घेऊन बसलं की लाकडाचा एक तंतू न ओढता उघडतो. जुना सरस नव्यात विरघळून मिसळतो, खरवडत बसावं लागत नाही. आमच्या भागातल्या एका भजनी मंडळाची पेटी नुकतीच माझ्याकडं आली होती. तिचा भाता कुणीतरी आधी कसल्यातरी पक्क्या गोंदानं चिकटवलेला. तो उघडताना फळीची सालपटं निघाली आणि नवी फळी घालावी लागली. त्या मंडळींना खर्च दुप्पट पडला. पुढचा दुरुस्त करणारा माणूस कोण असेल ठाऊक नसतं, पण त्याचं काम अडणार नाही अशा रीतीनं आपण चिकटवावं, हे मी उस्तादांकडून शिकलो.

कुणी विचारतं, देवाच्या पेटीला जनावराचा सरस चालतो का? भात्याच्या घडीला चामडं आहे, तबल्याला आणि मृदंगाला चामडं आहे. ज्यांना तरीही नको, त्यांना मी आधी सांगतो आणि दुसरा गोंद वापरतो.

पावसाळ्याचं मात्र सांगायलाच हवं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की उघडा राहिलेला दाणा ओल धरतो आणि भिजवलेल्या सरसाला दोन दिवसांत बुरशी येते. त्या दिवसांत लागेल तेवढाच भिजवा. उरलेला फ्रीजमध्ये ठेवता येतो, पण घरच्यांना विचारून.

आता दुकान. शेठ वयस्कर आहेत. गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो, ते स्वतः आत पोत्यांजवळ. गिऱ्हाईक सरस मागायला आलं की आधी विचारतात, ‘कशाला पायजे?’ मी गेलो होतो तेव्हा एक तरुण पोरगा आला होता, इचलकरंजीकडचा, सुतारकाम नवीन धरलेला. त्याला शेठनी दाणा हातावर घेऊन दाखवला, किती भिजवायचा, किती तापवायचा, उकळला तर काय होतं, सगळं सांगितलं. पाठीमागं सिमेंटचं गिऱ्हाईक खोळंबलेलं. पोरानं घेतला एवढासा पुडा. शेठना त्या विक्रीतून चहापुरतंसुद्धा सुटलं नसेल. या दुकानाला माझ्याकडून पूर्ण गुण आहेत ते यासाठी.

आणि तक्रार हीच की पुड्यावर काहीच लिहिलेलं नसतं. वर्तमानपत्राच्या कागदात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत दाणा बांधून देतात. कधी आला, कशाचा आहे, ताकद किती, काही नाही. मी विचारलं तर शेठ म्हणाले, ‘मेस्त्री, सरस म्हंजे सरस. त्येला नंबर असतोय व्हय?’

असतो. सरसाची ताकद ब्लूम या मापात मोजतात. ऑस्कर ब्लूम नावाच्या माणसानं काढलेलं माप. सरसाचं ठरावीक प्रमाणाचं पाणी करून दहा अंशांवर थिजवतात आणि त्या थिजलेल्या थरात अर्ध्या इंचाचा दट्ट्या चार मिलिमीटर रुतवायला किती ग्रॅम वजन लागतं ते पाहतात. तो आकडा म्हणजे ब्लूम. फर्निचरला १९० च्या आसपासचा पुरतो, वाद्यांना लोक अडीचशेचा घेतात. आकडा जास्त तर ताकद जास्त, पण थिजतोही लवकर. म्हणजे आकडा माहीत असेल तर किती घाई करायची तेही कळतं. हे माप शोधत वाचायला लागलो आणि त्याच्याही आधीच्या माणसापाशी येऊन थांबलो. त्या काळात अमेरिकेत सरसाच्या प्रती ‘पीटर कूपर’ या नावानं ओळखल्या जायच्या. सगळ्यात वर ‘ए एक्स्ट्रा’, मग ‘वन एक्स्ट्रा’, मग ‘एक’, आणि तिथून पाव-अर्धा करत ‘दोन’पर्यंत उतरत जाणाऱ्या. दुसऱ्या कारखान्यांचे लोकसुद्धा आपला माल कूपरच्या कुठल्या प्रतीला बसतो ते सांगून विकायचे. गोंदाच्या धंद्यात एका माणसाचं नाव मापाच्या जागी बसलं. मग हा माणूस कोण हे बघायला लागलो, आणि तो मला इतका आवडला की आता भेटेल त्याला सांगत सुटलोय.

पीटर कूपर १२ फेब्रुवारी १७९१ ला न्यूयॉर्कमध्ये जन्मला. वडील टोप्या करायचे, पुढं आणखी बरेच धंदे केले, त्यात फारसं यश नाही. पोराची शाळा जेमतेम वर्षभर. सतराव्या वर्षी तो घोडागाड्या बनवणाऱ्या मिस्त्रीकडं उमेदवारीला लागला, वर्षाला २५ डॉलर आणि जेवणखाण. म्हणजे मूळचा लाकूडवाला. चाकाच्या तुंब्याला आऱ्यांची भोकं पाडायचं यंत्र त्यानं उमेदवारीतच काढलं. ते काम हातानं किती जिकिरीचं असतं हे ज्यानं वाकस चालवलाय त्याला कळेल. उमेदवारी संपल्यावर मालकानं त्याला स्वतंत्र दुकान थाटून द्यायची तयारी दाखवली. त्यानं नम्रपणे नाही म्हटलं, कारण कर्जाची भीती. वडिलांचे धंदे त्यानं पाहिलेले होते.

मग कापडाचे तंतू कातरून सपाट करायच्या यंत्रांचा धंदा. १८१२ च्या युद्धात इंग्लंडचं कापड यायचं थांबलं आणि अमेरिकेतल्या गिरण्यांना ही यंत्रं हवी झाली. युद्ध संपलं तशी मागणी आटली, तर त्याच जागेत त्यानं फर्निचर करायला घेतलं. १८१३ मध्ये सारा बेडेलशी लग्न झालं होतं. त्यांना सहा मुलं झाली, त्यांतली दोनच जगली. लेकरासाठी त्यानं पाळणा केला होता, आपोआप हलणारा. त्यालाच माशा हाकलायची सोय आणि एक वाजणारं वाद्य जोडलेलं. १८१५ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. पेट्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते सांगत नाही. त्या पाळण्याचं चित्र डोळ्यासमोर आणून मी बराच वेळ बसलो होतो.

पुढं किराण्याचं दुकान, आणि १८२१ मध्ये, तीस वर्षांचा असताना, किप्स बे भागातला सरसाचा एक कारखाना दोन हजार डॉलरला घेतला. जवळच जनावरांचा बाजार, त्यामुळं खूर, हाडं, कातड्याचे तुकडे हाताशी. अमेरिकन सरसाला तेव्हा किंमत नव्हती, चांगला माल परदेशातून यायचा. कूपरनं कच्चा माल, पाणी, आच सगळं स्वतः तपासून माल सुधारला. कैक वर्षं कारकून नाही, विक्रेता नाही. पहाटे स्वतः कारखाना उघडून भट्ट्या पेटवायच्या, दुपारी गाडी जुंपून शहरात माल विकायला जायचं, रात्री स्वतः हिशोब लिहायचे. थोड्याच काळात सुतार, कागदवाले, रंगवाले, चामडेवाले त्याच्याकडून माल घ्यायला लागले. खाण्याचं जिलेटिनही तिथंच. १८४५ मध्ये त्यानं कुठंही नेता येईल अशा तयार जिलेटिनचं पेटंट घेतलं.

या कारखान्याची एक बाजू झाकून ठेवता येणार नाही. बाजूला सनफिश पाँड नावाचं तळं होतं. कारखान्याच्या घाणीनं ते इतकं नासलं की १८३९ मध्ये बुजवावं लागलं. मी कोल्हापूरचा आहे. पंचगंगेचं पाणी कसं काळं पडतं, मासे कसे वर येतात ते आपण दर उन्हाळ्यात बघतो, रंकाळ्याची जलपर्णी काढायला किती हात लागतात तेही बघतो. कूपर मोठा माणूस म्हणून त्या तळ्याचा हिशोब माफ होत नाही. सरसाच्या प्रत्येक कारखान्याला हा प्रश्न आजही आहे, आणि माझ्या बरणीतला दाणा कुठल्या ओढ्याकाठी तयार झाला हेही पुड्यावर असावं असं मला मनापासून वाटतं.

सरसाच्या पैशातून त्यानं १८२८ मध्ये बाल्टिमोरजवळ जमीन घेतली, भाव वाढतील म्हणून. तिथं बाल्टिमोर-ओहायो रेल्वे घातली जात होती, पण वळणं इतकी आवळ की इंजिन चालणार नाही असं सगळ्यांचं मत, डबे घोडे ओढायचे. रेल्वे बुडाली तर जमीन बुडाली. तेव्हा कूपरनं स्वतः एक छोटं इंजिन जुळवलं. बॉयलरच्या नळ्या मिळेनात म्हणून बंदुकींच्या नळ्या कापून बसवल्या. लोक त्या इंजिनाला पुढं ‘टॉम थंब’ म्हणायला लागले. १८३० मध्ये संचालकांना डब्यात बसवून तो स्वतः चालवत १३ मैल घेऊन गेला, जाताना तासाभराहून थोडा जास्त वेळ, येताना तासाच्या आत. घोड्याशी शर्यत झाली ती गोष्टही सांगतात. इंजिन पुढं गेलं होतं, तेवढ्यात भट्टीला वारा देणाऱ्या पंख्याचा पट्टा घसरला. तो चालत्या यंत्रावर चढवताना कूपरचे हात सोलवटले आणि घोडा जिंकला. शर्यत हरली, पण रेल्वेनं इंजिनं घेतली. उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींचं, आमच्या जुन्या यंत्रकारागिराचं, नाव आदरानं घेणाऱ्या कुणालाही हा माणूस आपल्यातलाच वाटेल. हाताशी असेल त्यातून इंजिन उभं करायचं, ही कोल्हापूरची पेठ त्यावरच उभी राहिली.

लोखंडाचं त्याचं पुढचं काम आणखी मोठं. ट्रेंटनला मुलगा एडवर्ड आणि जावई एब्रम ह्युइट यांच्यासोबत कारखाना, तिथं इमारतींसाठी लाटीव लोखंडाच्या तुळया तयार केल्या. समुद्राखालून अमेरिका-युरोप तार टाकणाऱ्या मंडळीत तो होता, न्यूफाउंडलंडच्या तारकंपनीचा अध्यक्ष. १८५८ ची तार काही आठवड्यांत मेली, तरी माणसं हटली नाहीत, १८६६ मध्ये टिकणारी तार पडली.

राजकारण त्यानं शहरापासून सुरू केलं. न्यूयॉर्कच्या नगरसभेत तो आधी सहायक आणि नंतर पूर्ण सदस्य होता. शहराला क्रोटन नदीचं स्वच्छ पाणी आणायच्या कामात लक्ष घातलं, ते पाणी १८४२ मध्ये आलं. सरकारी शाळांसाठी झटला. गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिला. मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाविरुद्ध बोलला, आणि १८७० मध्ये लकोटा सरदार रेड क्लाउड न्यूयॉर्कला आला तेव्हा तो कूपरच्याच सभागृहात बोलला. १८७६ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, ग्रीनबॅक पक्षातर्फे तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांची बाजू, सोन्याला न बांधलेला कागदी पैसा हवा ही मागणी. मतं मिळाली सुमारे ८२ हजार, एकूण मतांच्या एक टक्काही नाही. तरुणपणी कर्ज टाळणारा माणूस म्हातारपणी कर्जदारांसाठी उभा राहिला, याचं मला फार कौतुक वाटतं. मुलगा आणि जावई दोघंही पुढं न्यूयॉर्कचे महापौर झाले.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे कूपर युनियन ही त्यानं न्यूयॉर्कमध्ये काढलेली शिक्षणसंस्था. पॅरिसच्या तंत्रशाळेत गरीब पोरं कोरड्या भाकरीवर दिवस काढून व्याख्यानं ऐकतात असं त्याच्या कानावर आलं होतं. आपल्याला असं काही मिळालं असतं तर, हे त्याच्या मनात राहिलं. जवळपास तीस वर्षं तो त्यासाठी जागा आणि पैसा जमवत होता. १८५९ मध्ये इमारत उघडली. रात्रीचे वर्ग, फुकट. गणित, ड्रॉइंग, रसायन, यंत्रशास्त्र. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी. बायकांना प्रवेश. जात-धर्म-रंगाची आडकाठी नाही. वाचनालय रात्री दहापर्यंत सगळ्यांना खुलं. खर्चासाठी तळमजल्यावर दुकानं काढून त्यांच्या भाड्याची सोय केली. इमारतीत त्याच्याच कारखान्याच्या लोखंडी तुळया, आणि लिफ्टसाठी गोल विहीर, माणसं वर नेणारी सुरक्षित लिफ्ट अजून बाजारात आलेली नसताना. उद्या येणारच आहे म्हणून पोकळी ठेवून दिली. पॅटर्नमेकर म्हणून सांगतो, अजून न आलेल्या वस्तूसाठी बरोबर जागा सोडणं हे कारागिराच्या अकलेचं शेवटचं टोक आहे.

२७ फेब्रुवारी १८६० ला याच इमारतीच्या तळघरातल्या सभागृहात अब्राहम लिंकन बोलले आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाची वाट मोकळी झाली. सेंट-गॉडन्स नावाचा पोरगा दिवसा नक्षी कोरणाऱ्याकडं उमेदवारी करायचा आणि रात्री इथं ड्रॉइंग शिकायचा. तो पुढं अमेरिकेतला नामांकित शिल्पकार झाला, आणि इमारतीसमोर जो कूपरचा पुतळा आहे तो त्यानंच केलेला. कूपर ४ एप्रिल १८८३ ला, ९२ व्या वर्षी गेला. न्यूयॉर्कमधल्या क्रायस्लर बिल्डिंगची जमीनसुद्धा या संस्थेच्या मालकीची आहे, वारसांनी दिलेली. तरी एकविसाव्या शतकात पैसा कमी पडला आणि २०१४ पासून विद्यार्थ्यांना फी सुरू झाली. त्यावर मोठी आंदोलनं झाली आणि फी पुन्हा पूर्ण माफ करायची योजना संस्थेनं हातात घेतलीय. ही बातमी वाचून मला राग आला होता, आपला त्यांच्याशी काही संबंध नसताना.

संबंध नाही असं तरी कसं म्हणू? या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक समाजाची बोर्डिंगं काढली, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला खोली आणि जेवायला भाकरी मिळाली की तो शिकतो, हे त्यांनी करून दाखवलं. माझे वडील तालुक्याच्या गावाहून कोल्हापुरात आले ते अशाच एका बोर्डिंगच्या आधारानं. कूपर व्यापारी, महाराज राजे, पैसा वेगळ्या वाटेनं आलेला. दोघांनीही तो जिथं घातला ती जागा मात्र एकच.

उद्यमनगरात आज रात्री आठनंतर ड्रॉइंग शिकायला बसता येईल अशी फुकट जागा मला दिसत नाही. पोरं यंत्रावर बटणं दाबायला शिकतात, पण कागदावरचा छेद वाचता येत नाही. शंभर कारखानदारांनी तळमजल्यावरची चार दुकानं भाड्यानं देऊन वरच्या मजल्यावर एक वर्ग चालवला तर होणार नाही का? कूपरनं हेच केलं, आणि तो तर सरस विकणारा. शेठच्या दुकानात पोत्यांशेजारी उभं राहून त्या इचलकरंजीच्या पोरानं जे पाच मिनिटांत शिकून घेतलं, त्याला बसायला बाक आणि लिहायला फळा हवा, एवढंच माझं मागणं आहे.

शेठना मी कूपरची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली, मग म्हणाले, ‘पुड्यावर लिवायचं म्हंजे आधी ज्याच्याकडनं येतो त्याला विचारायला लागंल.’ विचारा म्हटलं. मुलानं वहीत टिपून घेतलंय. प्रत लिहून आली तर हे परीक्षण दुरुस्त करून तक्रार काढून टाकीन.

तोवर घेणाऱ्यांसाठी: किमतीला हा सरस तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या गोंदापेक्षा थोडा महाग पडतो, पण भिजल्यावर अडीचपट होतो, त्यामुळं शेवटी स्वस्तच. पाव किलोपेक्षा जास्त एकदम घेऊ नका, आणि घरी आणल्या आणल्या हवाबंद डब्यात भरा. पहिल्यांदा घेत असाल तर सकाळी जा, शेठ तेव्हा स्वतः आत असतात. दुपारी दुकान बंद असतं आणि संध्याकाळी सिमेंट-सळईच्या गिऱ्हाइकांची गर्दी असते, तेव्हा त्यांना समजावून सांगायला सवड मिळत नाही.